शेवटी पडलेला बटाटा

रविवारी चर्चमधल्या मिस्साहून आलं की मी बीफ शिजत टाकते. वसईच्या आमच्या घरात अठरा वर्षं हे काम माझंच आहे. कांदा लाल करायचा, मसाला करपू द्यायचा नाही, मांस मऊ होईपर्यंत दोन तास पातेल्यापाशी राबायचं. बटाटे अगदी शेवटी पडतात. वीस मिनिटांत सगळा रस पिऊन फुगून बसतात, आणि जेवायला बसलेला प्रत्येक जण म्हणतो, "मला बटाटा वाढ गं."

काल डाव फिरवताना मला त्या बटाट्यांचा चक्क राग आला. माझी धाकटी जाऊ रेश्मा या घरात येऊन दीड वर्ष झालंय. सासूबाई तिला विचारल्याशिवाय साडी काढत नाहीत. माझी मुलं परीक्षेचे मार्क आधी तिला सांगतात. इतकी वर्षं आचेशी मी उभी, आणि सगळी चव उतरली ती हिच्यात!

सगळे जेवून उठले, आम्ही दोघीच राहिलो. पातेल्यात नेहमीप्रमाणे मांस होतं, बटाटा एकही नव्हता. मी भात वाढून घेतला. तेवढ्यात रेश्माने एक झाकलेली वाटी माझ्यापुढे सरकवली.

"ताई, तुमचा बटाटा. मी आधीच काढून ठेवला होता."

बटाटा मऊसूत झाला होता, तिखट, रसाने भरलेला. तरी तो खाताना मी जळतच होते. अठरा वर्षांत असा एक बटाटा कुणासाठी बाजूला काढून ठेवायचं मला कधी सुचलंच नव्हतं.