नर्मदेचं पाणी आणि माझे कोरल

इंदुरात बसून मी घरी खाऱ्या पाण्याचा टँक मांडला आणि त्यात कोरल, म्हणजे जिवंत प्रवाळ, लावले. पाणी आटलं की फक्त आरओचंच घालायचं, नळाच्या पाण्यातल्या क्षारांनी शेवाळ माजतं, हे पलासिया भागातल्या मत्स्यालयाच्या दुकानदारानंच शिकवलं होतं. आरओच्या पाण्याचा कॅनही तोच भरून द्यायचा. दोन महिन्यांत टँकमध्ये शेवाळ माजलं, कोरल मिटले ते उघडलेच नाहीत. मी मूर्खासारखा स्वतःलाच दोष देत राहिलो.

एकदा न कळवता दुकानात गेलो, तर तो माझा कॅन साध्या नळाखाली भरत होता. मला पाहून म्हणाला,

"भिया, नर्मदा मैयाचं पाणी आहे, इससे शुद्ध क्या होगा?"

इंदूरच्या नळाला नर्मदेचंच पाणी येतं; तिचं नाव घेतल्यावर इथला माणूस काय बोलणार? मग मी त्याच्या स्वतःच्या टँककडे पाहिलं. त्यात आरओच्या मशीनची नळी सोडलेली होती आणि कोरल मस्त फुलले होते.