जिरायत गावाचा ओला पट्टा

रेवा, निखिल — तुम्ही इतके लांब, की मी उठते तेव्हा तुम्ही झोपायला निघालेले असता. परवा निखिल फोनवर म्हणाला, "आजी, आम्ही उपग्रहाच्या फोटोंवरून ओळखतो कुठे किती बागायत आहे, शेतीला किती पाणी लागतं. तुमच्या वेळी कसं करायचे?" फोनवर बोलताना दम लागतो हल्ली, म्हणून लिहिते. आणि लिहायला बसलेच आहे तर त्या कामातली एक गोष्टही सांगून टाकते. भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. तरी हे घडलं.

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ भरात होती. मी फोर्टातल्या एका सरकारी कचेरीत कामाला होते. एका नदीवर धरण व्हायचं होतं, त्याआधी खोऱ्यातली शेती किती पाणी वापरते याचा अंदाज हवा होता. निवडक गावांचे नकाशे यायचे, सोबत तलाठ्याची पीकपाहणी. बागायत हिरवी रंगवायची, जिरायत पिवळी. मग वर चौकटींचा ट्रेसिंग पेपर ठेवून हिरव्या चौकटी मोजायच्या. दिवसभर तेच... डोळे मिटले तरी चौकटी दिसत. पण एक आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं — जे गाव पिवळं, त्याच्या ओढ्याचं पाणी शिल्लक धरलं जाणार आणि दुसरीकडे वळवलं जाणार.

असंच एक गाव आलं, पूर्ण जिरायत. पिवळं रंगवून ठेवलं. दुसऱ्या दिवशी ओढ्यालगतचा एक पट्टा ओला! बाकी कागद खडखडीत. टीपकागदाने टिपला, पंख्याखाली ठेवला... पुन्हा ओला. वरचे-खालचे नकाशे कोरडेच.

शेजारच्या टेबलावरचे दामले म्हणाले, "बाई, तुमच्या गावाला सर्दी झालीय. सुंठ उगाळून लावा."

"तुमचा चहा तर नाही ना सांडला?"

"सांडायला मिळतोय कुठे? कँटीन बंद आहे मोर्च्यामुळे!"

पुढे शहरात गडबड वाढली, कचेरीही बंद झाली. साहेबांनी काम घरी न्यायला सांगितलं. ट्रॅम नव्हत्या. नकाशांची गुंडाळी काखेत धरून ठाकूरद्वारपर्यंत चालत आले, पाय भरून आले होते. दुपारी जेवणं उरकल्यावर तो नकाशा जमिनीवर पसरला. माझ्या सासूबाई, मालवणच्या, सुपारी कातरत शेजारी बसल्या होत्या. त्यांनी पट्ट्यावर बोट टेकवलं.

"ह्यो ओलो कित्याक गो?"

"हवा दमट आहे ना, आई."

त्यांनी बोट जिभेला लावलं. "आमची हवा खारी. ह्यां गोडा पाणी हा. शेतातला."

हसण्याचंही त्राण नव्हतं. मीही बोट लावून पाहिलं. गोडं पाणी, मातीची चव असलेलं.

कचेरी उघडल्यावर साहेबांसमोर उभी राहिले. ओल्या कागदाचं बोलायची सोय नव्हती. म्हटलं, "साहेब, त्याच ओढ्यावर वरच्या गावात बागायत आहे, खालच्या गावातही आहे. मधलंच गाव कोरडं कसं? पुन्हा पाहणी व्हायला हवी."

"बाई, आकडे कधीच जायला हवे होते. एका गावाने काय बिघडतं?"

"त्या गावाचं बिघडतं."

साहेबांनी हातातलं पेन खाली ठेवलं. तेही थकलेच होते. "लिहून आणा, सही करतो," एवढंच म्हणाले.

माणूस पाहणीला गेला. गावाने स्वतः रचलेला दगडी बंधारा होता, त्यावरून पाट काढलेला, पाटाखाली गहू आणि कांदा. तलाठ्याने जुन्याच पाहणीची नक्कल पाठवली होती. पाहणीतून आलेली बागायतीची हद्द मी नकाशावर आखली, तर ती ओल्या पट्ट्याच्या कडेकडेनेच गेली. हिरवा रंग दिला. दुपारपर्यंत कागद वाळला, तो कायमचा. दामले त्यानंतर त्या नकाशाची चेष्टा करेनासे झाले.

तुम्ही म्हणाल कागद वाईट होता, छत गळत होतं. ते सगळं मी तेव्हाच तपासलं होतं. आणि कागदाला ती चव कशी आली? इतक्या वर्षांत मला काही सुचलेलं नाही, आता सुचेल असंही वाटत नाही.

दामले गेले, साहेब गेले, सासूबाई तर कधीच गेल्या. धरणही झालं. त्या गावाच्या ओढ्याला मात्र कोणी हात लावला नाही. गेल्या वर्षी माझी भाची त्या बाजूला गेली होती, तिला मुद्दाम बघून यायला सांगितलं होतं. बंधारा आहे, आणि पाटाला पाणी आहे.