दादाच्या मनगटाचं माप

हे मी कुणालाही सांगायचं नव्हतं. वहिनीला तसा शब्द दिला आहे. पण तुम्ही काही आमच्या धायरीच्या घरी येऊन दादाला सांगणार नाही. नाही ना?

तेव्हा वहिनी अजून वहिनी व्हायची होती. ती आणि दादा, दोघंही हिंजवडीत नोकरीला. कंपनीने तिला तीन महिने जर्मनीला पाठवलं होतं आणि परतल्यावर चौथ्या दिवशी साखरपुडा होता. एका शनिवारी तिचा फोन आला. मला फोनवर बोलायची भीती वाटते, म्हणून मी नुसतं "हं" म्हणाले.

"छोटी, तूच हवी होतीस! दादासाठी घड्याळ घेतेय, क्रोनोग्राफ. मोठ्या तबकडीत तीन छोट्या तबकड्या असतात ना, ते. एक अडतीस मिलिमीटरचं आहे, एक बेचाळीसचं. त्याच्या मनगटावर कुठलं शोभेल? त्याला न कळता बघ. आणि नीट बघ गं, वर्षभर पैसे साठवून घेतेय. इथे परत घेत नाहीत."

नीट! वर्गात माझी भूमितीची वही इतरांना दाखवतात.

मी कंपासपेटी काढली. परकार पट्टीवर धरून बरोबर अडतीस मिलिमीटर उघडला, पुठ्ठ्यावर वर्तुळ काढलं आणि कापलं. मग बेचाळीसचं. दोन्ही चकत्या पुरीएवढ्या झाल्या. म्हटलं, परदेशी घड्याळं, असतील.

रविवारी दुपारी दादा झोपला होता. मी मोठी चकती रबरबँडने त्याच्या मनगटावर बसवली. दोन्ही बाजूंनी बोटबोट बाहेर! तेवढ्यात आई आली.

"त्याच्या हातावर काय वाळत घातलंयस?"

दादा जागा झाला. हाताकडे बघत राहिला.

"हे काय?"

"शाळेचा प्रकल्प."

"विषय?"

"सूर्यग्रहण."

"बरं," म्हणून तो कुशीवर वळला. इंजिनिअर आहे तो.

संध्याकाळी पुन्हा फोन.

"दोन्ही मोठी होतात," मी म्हणाले.

"अगं, अडतीससुद्धा?"

"अडतीससुद्धा. लोंबतं."

मग हळूच, "मी त्याचं मनगट कधी नीट बघितलंच नाही गं. मग केवढं हवं?"

मी तेही काढून ठेवलं होतं. "एकवीस."

दुसऱ्या दिवशी तिने कळवलं, की दुकानातला सगळ्यात लहान क्रोनोग्राफ तीसचा आहे. तोही बायकांचा.

"तोही मोठाच होईल," मी म्हणाले, "पण चालवून घेऊ."

साखरपुड्याला सगळ्यांसमोर दादाने डबी उघडली. आत शिंपल्यासारखी चमकणारी चिमुकली तबकडी. त्याने पट्टा मनगटाभोवती घेतला. टोकं एकमेकांना भेटेनात.

बाबा पुढे वाकले. "छान आहे. याच्याबरोबर भिंग देतात का?"

वहिनी दादाच्या मनगटाकडे बघत होती. चांगलं जाड, केसाळ मनगट. मग तिने माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे.

"अय्या, डब्या बदलल्या वाटतं!" ती म्हणाली. "हे छोटीचं. तुझं मागून सामानात येतंय."

लग्नाला सहा महिने झाले. ते अजून येतंय.

त्या दिवशी पंगत उठल्यावर मी तिला चकत्या दाखवल्या. पुरावा म्हणून पर्समध्ये नेल्या होत्या. तिने वर पट्टी ठेवली.

"छोटी, परकार किती उघडला होतास?"

"बेचाळीस."

"मग घड्याळ चौऱ्याऐंशीचं झालं ना गं!"

त्रिज्या आणि व्यास. पाचवीपासून येतं मला.

घड्याळ आता माझ्या हातात असतं. अगदी मापात बसतं. शाळेत बाईंनी विचारलं, बक्षीस मिळालं का? मी म्हणाले, हो, भूमितीचं. दादा मात्र परवाच विचारत होता की त्याचं सामान नक्की कुठे अडकलंय, तेव्हा मी त्याला सांगितलं, की जर्मनीहून बोटीने यायला कधी कधी—

"छोटी!" वहिनी हाक मारतेय. "पडद्यांचं माप घ्यायचंय, टेप घेऊन ये. आणि परकार तिथेच ठेव!"