दुसऱ्यांदा विचारायचं नाही

आमच्या प्रसूती वॉर्डात एक अलिखित नियम होता: नव्या मुलीनं एखादी गोष्ट एकदाच विचारायची. दुसऱ्यांदा विचारलं की इन्चार्ज मॅडम सगळ्यांदेखत म्हणायच्या, "नर्सिंग कॉलेजात शिकलीस का बाजारात?" बाकीच्या सिस्टर खिदळायच्या. मी स्वतः नवीच होते, तरी त्यांच्याबरोबर हसायचे. आज सांगायची लाज वाटते.

एकदा सकाळी मी मॅडमना एका बाळंतिणीसाठी बोलावलं. निघालं काहीच नाही. "ऊठसूट हाका मारती, भित्री कुठली," त्या म्हणाल्या. त्याच दुपारी बेंबळी गावच्या एका बाळंतिणीचं पोट हाताला मऊ लागलं. गर्भाशय गोळ्यासारखं घट्ट लागायला हवं, नाहीतर रक्त जात राहतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. मॅडम शेजारच्या खोलीत चहा पीत होत्या. मी दारापर्यंत गेले, आतलं हसणं ऐकलं आणि परत फिरले. पुन्हा गेले, पुन्हा फिरले. पाव तास मी नुसत्या येरझाऱ्या घातल्या.

शेवटी तिची सासू धावत आली. "सिस्टर, बघा की वो, लई रगत जायलंय. पोरगी बोलंना झाली."

मग मी ओरडले. मॅडम कप टाकून पळत आल्या. त्यांनी पोट चोळलं, इंजेक्शन दिलं, डॉक्टरांना बोलावलं. रक्त चढवावं लागलं, पण बाई वाचली. मॅडमचा हात कामाला सोन्यासारखा होता, म्हणूनच मला त्यांचा जास्त राग येतो.

"आधी का न्हाय बोलावलंस गं?" त्यांनी विचारलं.

"आत्ताच लक्षात आलं," मी म्हणाले, आणि केसपेपरवरही तीच, पाव तास उशिराची वेळ लिहिली.

आता उमरग्याकडच्या एका दवाखान्यात मी इन्चार्ज आहे. आपण तसल्या नाही, असं मी खुशाल धरून चालले होते. परवा मी चहा घेत असताना नवी मुलगी दारात आली आणि माझ्याकडं पाहून माघारी वळली.

"काय गं?"

"काही न्हाय, मॅडम."

सकाळीच सलाइनवरून मी तिला चारचौघींत विचारलं होतं, "बाजारात शिकलीस का?" सगळ्या हसल्या होत्या. तीही हसली होती.

मी कप तसाच ठेवून वॉर्डात धावले. पहिल्या खाटेपासून एकेका बाळंतिणीच्या पोटावर हात ठेवत निघाले. ती मुलगी मागं मागं येत होती, आणि कुठल्या खाटेशी थांबायचं ते मला सांगायला अजूनही घाबरत होती.