शेवटच्या खांबावरचं घर

डोणगावात कुणी मेहबूब पिंजाऱ्याचं घर विचारलं, की सांगणारा आधी हात लांब करायचा आणि मग तो आणखी लांब करायचा. "सिद्धे जा. टेलिफोनचे खांब संपले का घर आलं." खरंच होतं ते. त्या घराच्या पुढे टेलिफोनचा खांब नव्हता, होती ती नुसती पराटी, नजर पोचेल तिथवर उभी असलेली कपाशी.

इतक्या लांब राहायची मेहबूबला काही हौस नव्हती. आधी तो भर गावात राहायचा. पण त्याची कापूस पिंजायची मशीन सुरू झाली की गल्लीत कापसाची भुरकी उडायची आणि ती कुणाची जात, धर्म, ताट न पाहता जाऊन बसायची. समोरच्या शंकररावांच्या मिशीत बसायची, त्यांच्या वरणातही बसायची. "मेहबूब, तुह्या धंद्यापायी मी वयाच्या आधीच म्हातारा दिसून राह्यलो बे," असं ते म्हणायचे आणि गल्ली हसायची. मग एक दिवस गल्लीनं हसणं बंद केलं आणि चहा पाजून फार प्रेमानं त्याला गावाबाहेर जायला सांगितलं. चहा पाजून काढून दिलेला माणूस भांडूही शकत नाही.

तेव्हा ते सोईचंच पडलं. शेतातून निघालेली बैलगाडी पहिली त्याच्याच दाराशी थांबायची. प्रत्येक घर लेकीच्या गादीसाठी, बाळंतिणीच्या रजईसाठी थोडा कापूस राखून ठेवायचं. मग बीटी कपाशी आली. बोंडं टपोरी झाली, बियाण्याचं पाकीट महाग झालं, फवारणी वाढली, आणि कापूस वेचला की त्याच संध्याकाळी जिनिंगच्या रस्त्याला लागू लागला. घरात मूठभर ठेवायची कुणाची छाती राहिली नाही. गाद्या मेहकरहून फोमच्या यायला लागल्या. मेहबूबच्या मशीनवर कोंबड्या बसू लागल्या. उडालेली सगळी भुरकी मात्र त्याच्या छातीत मुक्कामाला राहिली. रात्री दम लागला की रुबिना उठायची, बापाला पाठीशी उशा लावून बसवायची आणि श्वास जागेवर येईपर्यंत पाठ चोळत राहायची. तिची आई फातिमा जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात ही दोघंच.

घर चालायचं रुबिनाच्या कानावर. पुण्याच्या एका कंपनीकडे शेतकऱ्यांनी फोन करून सल्ला विचारायचा, अशी सोय होती. कंपनीतल्या तज्ज्ञांना कपाशीचे यच्चयावत रोग ठाऊक होते, फक्त वऱ्हाडी ठाऊक नव्हती. म्हणून शेतकऱ्यांचं बोलणं रेकॉर्ड होऊन रुबिनाच्या कॉम्प्युटरवर यायचं आणि ती ते पुण्याला समजेल अशा मराठीत टाइप करून पाठवायची. त्या साली कपाशीवर लाल्या रोग पडला होता. कानात एखादा बापडा रडकुंडीला येऊन म्हणायचा, "पराटी लालभडक पडून राह्यली हो बाप्पा, आता काय उपटून फेकू काय?" रुबिना टाइप करायची, 'कपाशीची पाने लाल होत आहेत. उपाय सुचवावा.' मधला बाप्पा पुण्याला कधी पोचलाच नाही.

ऐन दिवाळीच्या तोंडावर कंपनीचा निरोप आला. आता रेकॉर्डिंग बंद. शेतकरी बोलत असतानाच ऐकायचं, अडलं तर विचारायचं आणि तेव्हाच टाइप करायचं. त्यासाठी घरच्या ब्रॉडबँडला किमान एक एमबीचा वेग पाहिजे. शुक्रवारी परीक्षा. ज्यांची लाइन पुरणार नाही त्यांनी पुण्याच्या ऑफिसात यावं, राहायची सोय आहे, नाहीतर काम संपलं.

"मी कुठी जात नाई," रुबिना म्हणाली.

"तुले जा म्हनलं कोनं?" मेहबूब म्हणाला. त्या रात्री त्याला दम लागला तेव्हा त्यानं उशीत तोंड खुपसून आवाज दाबला. जमलं नाही.

त्यांच्या लाइनचा वेग होता एक एमबीच्या तिसऱ्या हिश्शाइतका. मेहबूबनं लाइनमन कलीमला धरून आणलं. कलीमनं भिंतीवरच्या डबीत मीटर लावला, तोंडानं चुकचुक केलं आणि म्हणाला, "चाचा, पाटाचं पानी पाह्यलं ना? धरनाजवळच्याले पोटभर, शेपटीवाल्याले चिखल. तुमी शेपटीवर हा."

"एक्सचेंज तर इथून दिसते रे! तो काय त्याचा टॉवर."

"दिसते तुमच्या डोयाले. तार सरळ येते काय? ती आधी मेहकर रोडच्या डब्यात जाते, तिथून मागं फिरते, नाल्याच्या कडंनं येते. जितकी लांब तांब्याची तार, तितका सिग्नल गळते. त्यात जागोजागी सांधे."

कलीम गेल्यावर मेहबूबनं काय करावं? कॉम्प्युटरचं टेबल मागच्या खोलीतून उचलून पार ओसरीत, टेलिफोनच्या खांबाच्या अंगाला आणून ठेवलं. तेवढीच तार कमी! धापा टाकत त्यानं विचारलं, "पाह्य बरं आता?"

रुबिनाला हसू आलं आणि लगेच रडूही आलं. "अब्बा, कोसभराच्या वाटंत तुमी दहा हात कमी केले."

"मंग? दहा हात दहा हातच असते."

वेग होता तिथेच होता. ओसरीत कोंबड्या मात्र कीबोर्डवर चढल्या.

गुरुवारी कलीम नवे सांधे मारायला पुन्हा आला. खांबावर चढला आणि वरूनच ओरडला, "चाचा, हे दुसरी तार कोनाची? सडकेपलीकडं चालली ते?"

ती कलाबाईची. पलीकडच्या घरात कलाबाई एकटी राहायची. मुलगा प्रेमानंद फौजेत, दूर आसामात. त्याचा फोन यायचा तो मेहबूबकडे, आणि बाई धावत येईपर्यंत लाइन कटायची. म्हणून मेहबूबनं स्वतःच्या हातानं, दातानं तारेची साल काढून, आपल्याच लाइनवरून तिच्या घरी पॅरलल फोन जोडून दिला होता. मोबाइल तिच्या कानाला मानवत नव्हता. "त्याच्यात मानूस लहान होते," म्हणायची.

"अर्धा सिग्नल त्या फाट्यात जाऊन भिताडाले धडकून वापस येते," कलीम म्हणाला. "हे काटा. फरक पडंल. किती पडंल ते खुदा जाने."

फातिमाच्या आजारपणात रुबिनाला जेवू घालणारी बाई ही. मेहबूब सडक ओलांडून गेला आणि हवापाण्याचं बोलत बसला. कलाबाईनं थोडा वेळ ऐकून घेतलं.

"मेहबूबभाई, तुमचं तोंड वासराले विकाले नेल्यावानी काऊन झालं? बोला ना."

त्यानं सांगितलं. कलाबाईनं आधी कोपऱ्यातल्या फोनाकडे पाहिलं. मग चिडली. "मंग माह्यं पोरगं कुठी फोन करंल? तिकडं डोंगरावर रांग लावते ते, तवा लागते!"

"माह्याकडं आला का मी पयत येईन तुमाले बलवाले."

"तुमी पयसान? तुमाले सडक वलांडता दम लागते!" ती उठून आत गेली. आतूनच म्हणाली, "काटा. पन मले पाहाले लावू नोका."

मेहबूबनं स्टूल घेतलं, पक्कड घेतली आणि बाहेरच्या भिंतीपाशी तिची तार तोडली. रुबिनानं वेग तपासला. वाढला होता! निम्म्याच्या वर गेला होता. पुन्हा तपासला, तितकाच. संध्याकाळी तपासला, तितकाच. फाट्यात जाणारं परत मिळालं होतं. लांबीत गळलेलं कुणाच्या बापाला परत मिळणार नव्हतं.

शुक्रवारी परीक्षा झाली. मेहबूब उंबऱ्यावर बसून होता, कोंबड्यांना हुसकत. कानात कुणीतरी जळगाव जामोदकडचा माणूस घाईघाईनं बोलत होता, "ताई, फवारतानी औषीद पोराच्या..." आणि आवाज तुटला. "...उलट्या करून राह्यलं, आता त्याले..." पुन्हा तुटला. रुबिना जिवाच्या आकांतानं म्हणत होती, "भाऊ, पुन्हा सांगा! कोनतं औषध? नाव सांगा!" पलीकडून नुसती खरखर. तिनं कान दोन्ही हातांनी दाबून धरले.

परीक्षा घेणाऱ्या पुण्याच्या बाई पाचेक मिनिटांनी लाइनवर आल्या. त्यांनी आधी सांगितलं की तो सरावासाठीचा जुना कॉल होता, मूल वाचलं होतं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "रुबिना, खरा कॉल असता तर? तुम्ही सोमवारी इकडे या. तुमची जागा ठेवते."

रुबिनानं यंत्र बंद केलं आणि म्हणाली, "मी शेतात वेचाले जाईन. कामाले काय कमी हाय?"

"लाल्यानं काय ठेवलं वेचाले?" मेहबूब म्हणाला.

"मंग राहू उपाशी. रातच्याले तुमाले उठवून कोन बसवंल?"

 मेहबूब उठला, स्टूल ओढत बाहेर नेलं, वर चढला आणि कलाबाईच्या तारेचं लोंबतं टोक हातात घेतलं. रुबिना मागोमाग धावली. "अब्बा, नोका जोडू! वेग पुन्हा उतरंल. मी कलीमभाईले सांगते, अजून काई तरी निघंल, दुसरा सांधा..."

"उतरू दे."

"अब्बा!"

"उतरू दे म्हनलं ना," तो म्हणाला आणि दातानं साल सोलू लागला. मग तिला कळलं, तिला सोमवारी पुण्याला धाडायचं त्यानं ठरवलं होतं. हलणारं स्टूल तिनं दोन्ही हातांनी धरलं.

सडकेपलीकडून कलाबाईचा आवाज आला, "आला हो! फोनात आवाज आला!"

तारेला तार पिळून झाली होती. वर चिकटपट्टीही गुंडाळून झाली होती. तरी मेहबूब, छाती घरघरत असताना, पुन्हा पुन्हा तोच सांधा दाबत वरच उभा होता, कारण खाली उतरलं की पोरीच्या तोंडाकडे पाहावं लागलं असतं.