बांगड्यावरचा आळ

माझ्या अंगावर गांध्या उठायला लागल्या आणि आमच्या बोरिवलीच्या घरात निकाल लगेच लागला: पित्त! गुन्हेगार कोण, तर मासे. सासूबाई मालवणच्या, मी वेंगुर्ल्याची. मासे बंद म्हणजे आम्हाला सुतकच की! पण खाज अशी, की ऑफिसात मी दाराच्या चौकटीला पाठ घासत उभी. म्हटलं, बंद तर बंद.

सासूबाईंचा उपाय ठरलेला. अंगाला आमसुलाचा कोळ आणि पोटात कोकम सरबत. सकाळी ग्लासभर, ऑफिसला बाटली, घरी आल्यावर पुन्हा ग्लासभर. साखर तर त्या अशी सढळ हाताने घालायच्या, की विचारू नका. "पी गो, पोटाक थंड वाटतला." मी पीत होते, गांध्या हटत नव्हत्या. महिने गेले. घरी आल्यावर मी हळूच तव्याचा वास घ्यायचे. दुपारी ह्या एकट्या असतात, नक्की बांगडा हाणत असणार! इतका राग यायचा ना.

शेवटी त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, कंबरेला टेप लावली. साखर काठावर, लिव्हरवर चरबी. वाट लागली होती. म्हणाल्या, "गांध्या जुनाट झाल्या की बऱ्याच जणांत वजनाची, साखरेची तक्रार सोबत सापडते. कशामुळे काय होतं, ते ठाम सांगता येत नाही. पण खाजेची गोळी रोज घ्या आणि कंबर कमी करा. गोड काय खाता?"

"काहीच नाही हो. फक्त पित्तावर सरबत पिते."

किती, ते ऐकून बाईंना हसू आवरेना. "आणि मासे खाल्ल्यावर लगेच उठायच्या का गांध्या?"

"छे, न खाताही उठतात."

"मग त्या बिचाऱ्यांना कशाला शिक्षा? खा बिनधास्त."

सरबत सुटलं, चालणं सुरू झालं, गांध्याही पुढे हळूहळू ओसरल्या. पण बांगडे मात्र मी त्याच संध्याकाळी आणले, नवरा धरून तिघांना तीन. सासूबाईंनी तळले, आधी मला वाढला. मग स्वतःचा असा खाल्ला, की काटेसुद्धा चोखून साफ.

"आई, हळू! दुपारी रोज खात होतात ना?"

"खंय? तू सोडल्यार तुझ्या पाठीमागे मी कशी खातलंय गो?"

मला एकदम भरून आलं. मी तिसरा बांगडा त्यांच्या ताटात सरकवला. नवरा कामावरून आला तेव्हा त्याला सांगितलं, आज डाळभात आहे.