प्राणहितेचं उलटं पाणी

सुनंदाच्या थोरल्या बहिणीचं पत्र आलं, दिवस भरत आलेत, लवकर ये. ही बहीण प्राणहितेच्या पलीकडे, आंध्रात दिलेली. सुनंदाला, म्हणजे माझ्या बायकोला, पाण्याची भयंकर भीती. "मी आहे ना," मी म्हटलं. चंद्रपुरात शाळेत भूगोल शिकवायचो, मला नदीची कसली भीती!

गोष्ट ऐंशीच्या दशकातली, गडचिरोली जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. पहाटेची एसटी, गोंडपिपरी, आल्लापल्ली, मग सागाचं जंगल आणि हाडं खिळखिळी करणारा रस्ता. आल्लापल्लीला भजी खाऊन घेतली ते बरं केलं, पुढे काही मिळालं नाही. रात्री सिरोंच्यात एका ओळखीच्यांकडे टेकलो.

सकाळी नदीच्या घाटावर आलो. आता तिथे पूल आहे. तेव्हा डोंगा होता, आणि तो चालवणारा मल्लय्या. नदी स्वच्छ दिसत होती. थोडं खाली गोदावरीचा गढूळ पूर तिला मिळत होता, दोन रंगांमधली रेघ काठावरून दिसायची.

मल्लय्याने दगड घातलेली बांबूची टोपली दोरीने खोल सोडली. दोरीचं दुसरं टोक वाळक्या भोपळ्याला बांधलेलं. पाण्यावरची पानं संगमाकडे वाहत होती, भोपळा मात्र हळूहळू उलट दिशेला निघाला.

"मास्तर, खालचं पाणी उलटं जाऊन राह्यलं. गोदावरी आत घुसली. भोपळा सुलटा चालला का मंग जाऊ."

"असं कुठे असतं का? नदी उताराकडेच वाहते. पलीकडची एकची बस चुकेल!"

तो भोपळ्याकडेच बघत राहिला. मग मी नको ते बोललो. "भीती वाटते का तुम्हाला?"

त्याने टोपली ओढून घेतली आणि डोंगा सोडला.

मधोमध गेल्यावर डोंगा रेटायचा बांबू खालून कोणी ओढावा तसा त्याच्या हातातून गेला. डोंगा गर्रकन फिरला. बाजूला तांबडं पाणी उकळल्यासारखं वर येत होतं. "खाली बसा! हात आत!" मल्लय्या ओरडला. पाणी आत आलं. सुनंदा माझा दंड धरून बसली होती, आणि मला खरंच वाटलं, मी हिला मारलं.

मल्लय्या पाण्याशी भांडलाच नाही. नेईल तिकडे डोंगा जाऊ दिला, ओढ सुटल्यावर वल्हं मारलं. आम्ही घाटापासून बरेच वर लागलो. बस गेली होती. चालत गेलो. बहीण तिसऱ्या दिवशी सुखरूप बाळंत झाली, म्हणजे घाईची गरजच नव्हती.

वाटेत सुनंदा एवढंच बोलली, "मी तुमच्यावर भरवसा ठेवला. तुम्ही त्याच्यावर काऊन नाई ठेवला?"

पुढे वाचनात आलं, गाळाचं पाणी जड, म्हणून ते स्वच्छ पाण्याखालून घुसतं. खाडीतही समुद्राचं जड, खारं पाणी असंच गोड्या पाण्याखालून आत शिरतं. तेव्हापासून फळ्यावर नदी काढली की वर एक बाण काढायचो, खाली दुसरा, उलटा. मुलांना मल्लय्याचं नावही सांगायचो.

घरात मात्र त्याने माझी चूक भरून निघाली नाही. आजही कुठे होडी दिसली की सुनंदा माझ्याकडे बघत नाही. सरळ नावाड्याजवळ जाते आणि विचारते, "भाऊ, आता जावं का?"